जागा रिकामी आहे का?

माझ्या गच्चीवरच्या खोलीत एक गृहस्थ अकरा वर्षं भाड्यानं राहिले. सरकारी नोकरीत वायरलेसवर होते, निवृत्त होऊन नाशकात आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मी पेठ नाक्याच्या अलीकडे राहते आणि तेव्हा घरून डबे करून द्यायची. त्यांचाही डबा माझ्याकडेच. रोज संध्याकाळी घासलेला डबा घेऊन ते खाली यायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे,

"जागा रिकामी आहे का?"

मी समोरच पोळ्या लाटत बसलेली. ते थांबायचे. मनात आकडे मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. मग पुन्हा तेच. पुन्हा आकडे. मग तिसऱ्यांदा.

"अहो, डोळे फुटले का? मी बसलेय ना इथं!"

"म्हणजे वापरात आहे. नंतर येतो," असं म्हणून ते खरोखर जिना चढून जायचे.

पहिला महिनाभर मला वाटलं, याच्या डोक्यातला एखादा स्क्रू पडलाय. मग कळलं की "या" एवढं म्हटलं की येतात. तेवढा एक शब्द लागायचा त्यांना. मी म्हटलं, फुकटचा शब्द आहे, देऊन टाकावा.

मी चौथी शिकलेली बाई. त्यांच्या धंद्यातलं मला जे कळलं ते त्यांनी सांगितलं म्हणून. खोलीत एक काळी पेटी होती, तिला गोल बटण आणि आकड्यांवर फिरणारी सुई. गच्चीच्या खांबापासून शेजारच्या नारळापर्यंत तार ताणलेली. त्या तारेवर मी कपडे वाळत घातले तर तोंडानं काही बोलायचे नाहीत, एकेक कपडा काढून, घडी करून, पायरीवर आणून ठेवायचे. लोक देवाची तसबीर लावतात त्या जागी भिंतीवर त्यांचा परवाना होता, काचेत घातलेला. रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं ती काच पुसायचे. देव कपाटात होते. गल्लीत त्यांना सगळे टिकटिकवाले म्हणायचे, कारण संध्याकाळी वरून टिकटिक ऐकू यायची. जवळपासच्यांशी माईकवरून तोंडानं, पण कुठकुठल्या लांबच्या देशांशी ते नुसत्या टिकटिकीनं बोलायचे. काय बोलता, विचारलं तर म्हणायचे, "हवा कशी आहे ते." मी म्हटलं, त्यासाठी एवढी पेटी कशाला, गच्चीवर तोंड वर करून बघा की.

त्यांची पेटी सुरू झाली की शेजारच्या वहिनींच्या टीव्हीवर पट्टे यायचे. एका रविवारी मालिकेच्या ऐन वेळी वहिनी कमरेला पदर खोचून जिन्याखाली उभ्या राहिल्या.

"ओ टिकटिकवाले! राजाराणीच्या तोंडावर कोंबडी नाचल्यागत दिसतंय! बंद करा ते भूत!"

ते परवाना काढून घेऊन खाली आले. मला वाटलं, आता हा माणूस कायदा दाखवणार. त्यांनी परवाना वहिनींना दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, मला हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून दांडगाई करायची नसते. तुमची मालिका किती ते किती?" वहिनींनी वेळ सांगितली. त्यांनी ती पेन्सिलीनं भिंतीवर लिहून ठेवली आणि पुढं कधी त्या वेळात पेटी लावली नाही. शिवाय वहिनींच्या टीव्हीमागं तारेचं काहीतरी वेटोळं बसवून दिलं. पट्टे गेले. वहिनी मात्र मरेपर्यंत सांगत राहिल्या की मी त्याला दम दिला म्हणून सुधारला.

मी एकदा विचारलं, हवेत बोलायला परवाना कशाला लागतो? ते म्हणाले, "बाई, एसटीत आरक्षणाची जागा असते ना, तसं. ज्याचं आरक्षण आहे त्याची ती जागा. पण तो पुढच्या थांब्यावर चढणार असेल तर तोवर ती रिकामी का ठेवायची? दुसऱ्यानं बसावं. फक्त बसण्याआधी विचारावं, नीट ऐकावं, आणि जागेवाला आला की भांडण न करता उठावं. हवेतल्या काही पट्ट्यांवर, म्हणजे सुईच्या काही आकड्यांवर, सरकारी सेटांचा हक्क पहिला, तिथं आम्हीसुद्धा पाहुणेच. आधी ऐकायचं, मग बोलायचं. एवढं केलं तर हवा सगळ्यांना पुरते."

हे नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं. त्यांच्याबरोबर मी एकदा पिंपळगाव बसवंतला गेले होते, माझ्या बहिणीकडे. गाडीत जागा असून हा माणूस प्रत्येक थांब्याला उठायचा आणि चढणाऱ्याला विचारायचा, "ही जागा आपली आहे का?" कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा तरी, नाहीतर उतरा तरी."

पिंपळगावला त्यांचं स्वतःचं काम होतं. तिथल्या एका द्राक्षवाल्या व्यापाऱ्यानं कुठून तरी हातातले वायरलेस आणले होते. पॅकिंगच्या शेडमधून आणि टेम्पोतून दिवसभर ओरडाओरड चालायची, परवाना कोणाकडेच नाही, आणि ती सगळी आमच्या टिकटिकवाल्यांच्या पट्ट्यावर. हे त्याला समजवायला गेले. मी शेडच्या दारात उभी होते. व्यापारी खोक्यावर बसून पान लावत होता. यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, हवा काय तुमच्या बापाची हाय का?"

परतीच्या गाडीत हे ओझरच्या पुढं आल्यावर म्हणाले, "हवा कोणाच्याच बापाची नाही. म्हणून तर विचारायचं."

दोन दिवस त्यांचा डबा अर्धा परत आला. तेव्हापासून परवाना नसलेल्या आवाजाला त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. असा आवाज आला की सुई फिरवायची. त्यांच्या पुस्तकात नियमच होता तसा, विनापरवान्याशी बोलायचं नाही. पण पूर्वी ते निदान दोन शब्द समजावून सांगायचे. आता तेही सोडलं.

पेठचे मास्तर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले ते याच सुमाराला. पेठच्याही पलीकडे डोंगरात त्यांचं गाव, तिथल्याच शाळेवर होते. कोकणा आदिवासी घरातला चाळिशीचा माणूस, डोक्यावरची टोपी हातात धरून बोलणारा. पावसाळ्यात नदीवरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बुडाली की त्यांचं गाव तुटायचं. फोन फरशीच्या अलीकडच्या गावात, दवाखाना पेठला. मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं की वायरलेसला तार लागत नाही, खांब लागत नाही. म्हणून आले. दर रविवारी पहिल्या गाडीनं यायचे, येताना माझ्यासाठी नागलीचं पीठ आणायचे आणि "मावशी, पोटभर वाढा, मला परत डोंगर चढायचाय" म्हणून चार भाकरी खायचे.

दीड वर्षात मास्तर टिकटिक शिकले, मुंबईला जाऊन परीक्षा दिली, पास झाले. परवाना टपालानं यायचा होता. त्यांच्या गावाला टपाल पोचेलच असं नाही, म्हणून पत्ता माझ्या घरचा दिला. मग चौकशी, कागद, सही. वर्ष गेलं तरी परवाना काही येईना.

तोवर मास्तरांनी स्वतःच्या हातानं सेट बनवला होता. पण हवेत बोलायचं नाही. यांनी त्यांना एक युक्ती दाखवली, तार एरियलला न जोडता बल्बला जोडायची. बोललं की आवाज हवेत जात नाही, बल्ब पेटतो. मास्तर माझ्या गच्चीवर बसून बल्बाशी बोलायचे. "जागा रिकामी आहे का?" की बल्ब लुकलुक करायचा. मग थांबायचं, दहा आकडे मोजायचे, ऐकायचं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. घाई केली की हे पट्टी आपटायचे. "तुमच्या आधी तिथं कोणी असेल! त्याचं काही महत्त्वाचं चाललं असेल! ऐका आधी!" चाळिशीचा मास्तर शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालायचा.

एका दिवाळीला मास्तरांना राहवलं नाही. गावाकडून हवेत आले आणि म्हणाले, काका, दिवाळीचा नमस्कार. यांनी आवाज ओळखला आणि सुई फिरवली. पुढच्या रविवारी मास्तर आले तेव्हा माझ्यासमोर त्यांना सांगितलं, "परवाना येईपर्यंत हवेत दिसलात तर मी तुम्हाला ओळखत नाही. पुन्हा आलात तरी उत्तर मिळणार नाही."

मास्तर म्हणाले, "नाय येणार, काका."

मला ते पटलं नव्हतं. नमस्काराला कसला आलाय परवाना? पण मी बोलले नाही. भाडेकरूच्या कामात नाक खुपसायचं नाही ही माझी रीत.

श्रावणातली गोष्ट. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी त्यांचा चहा घेऊन वर गेले. ते पेटीसमोर बसले होते. पेटीतून खरखर येत होती, त्यात एक आवाज आला.

"जागा रिकामी आहे का?"

मी म्हटलं, "मास्तर ना हो हे?"

खरखर चालू राहिली. मोजून दहा आकड्यांनी पुन्हा, "जागा रिकामी आहे का?" आवाज शांत होता. मुद्दाम शांत ठेवल्यासारखा होता हे आता म्हणते. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

"ऐका तरी, काय म्हणतोय तो."

"परवाना नाही."

"अहो, पण ऐकायला काय जातंय?"

"ऐकलं की उत्तर द्यावंसं वाटतं, बाई," ते म्हणाले आणि सुई फिरवली. दुसरीकडे कोणीतरी हिंदीत हवेबद्दल बोलत होतं.

मी म्हटलं, चहा निवतोय. आणि खाली आले. कणीक भिजवायची होती.

नऊ दिवसांनी पेठच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं की मास्तरांची बायको गेली. बाळंतीण होऊन गेली. मुलगी झाली, ती आहे. रक्त थांबेना, फरशीवरून पाणी. त्या संध्याकाळीच.

दिवसकार्य झाल्यावर मास्तर एका रविवारी आले, नेहमीच्याच गाडीनं. नागलीचं पीठही आणलं होतं. सवयीनं आणलं असणार. ते वर गेले नाहीत, माझ्याच स्वयंपाकघरात बसले. हे खाली आले आणि उंबऱ्याशी थांबले. मी म्हटलं, या.

मास्तर म्हणाले, "काका, त्या दिवशी मी हवेत आलो होतो. तुम्हाला वचन दिलं होतं, तरी आलो. पेठच्या दवाखान्याला फोन करा, एवढंच सांगायचं होतं. लांबच्या वाटेनं दवाखान्याची जीप येऊ शकली असती. तुम्ही सेटवर नव्हता ना?"

तो माणूस त्यांना वाट करून देत होता. नव्हतो, एवढं म्हटलं असतं की संपलं. माझ्याकडेही त्यानं पाहिलं. मी पिठात हात घालून बसले होते.

हे म्हणाले, "होतो. तुमचा आवाज ओळखला. सुई फिरवली."

मास्तर म्हणाले, "किती वेळा विचारल्यावर?"

"दोनदा."

"मी तीनदा विचारलं," मास्तर म्हणाले. "थांबत थांबत. मग सगळं सांगितलं. बॅटरी उतरेपर्यंत सांगत होतो."

मास्तर जेवले नाहीत. उठले, पायात चपला घातल्या आणि गेले. पिठाची पिशवी तशीच राहिली.

मी यांना म्हटलं, "जीव जात असताना त्यानं असं विचारत कशाला बसायचं? सरळ ओरडायचं ना!"

"पुस्तकात तेच लिहिलंय. जीव जात असेल तर परवाना नको, विचारणं नको, कोणीही कुठंही बोलावं. मीच त्याला शिकवलं होतं ते. एकदा." मग म्हणाले, "आणि विचारायला रोज शिकवलं."

माझा फोन खाली फळीवर, भरतकामाच्या रुमालाखाली होता. वरून खालपर्यंत चौदा पायऱ्या. जीप लांबच्या वाटेनं वेळेत पोचली असती का, ते कोणालाच माहीत नाही. पेठचा डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. मी त्या दिवशी चहाच्या कपाची काळजी करत होते, एवढं मात्र सांगता येतं.

परवाना पौषात आला. जाड लिफाफा, सरकारी शिक्का. ते म्हणाले, टपालानं पाठवायचा नाही. आम्ही दोघं पेठच्या गाडीनं गेलो आणि पुढं चालत. यांना दम लागत होता. मास्तरांच्या दाराशी त्यांची आई मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. हे उंबऱ्याबाहेर थांबले आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "जागा..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला. घरात मास्तर होते, त्यांनी मान वर केली. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं, आणि मी काही लाजरी बाई नाही.

मास्तरांनी लिफाफा घेतला, न उघडता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. ट्रंकेत बायकोची लुगडी होती. त्यावरच ठेवला आणि झाकण लावलं. आम्हाला कोरा चहा दिला. आम्ही निघालो.

त्या दिवसानंतर यांनी कुठल्याही दारात काही विचारलं नाही. नुसते उभे राहायचे. कोणी पाहिलं तर पाहिलं. कितीतरी वेळा मी मागं वळले तर ते डबा घेऊन उभे, किती वेळ कोण जाणे. मी ओरडायची, "अहो, तोंडानं काही बोला की! भूत उभं राहिल्यासारखं काय!" ते डबा ठेवून जायचे.

हवेतही बोलणं बंद केलं. टिकटिक थांबली. रोज पाच वाजता पेटी लावायची, सुई त्या एका आकड्यावर ठेवायची आणि तासभर नुसतं ऐकायचं. काचेतला परवाना संपला, त्यांनी नवा करून घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ऐकण्यापुरता मी आहे." काच पुसणंही सोडलं. मीच कधीतरी फडकं मारायची.

पुढं काही वर्षांनी पेपरात बातमी आली. त्यांनी मला वाचून दाखवली. सरकारनं लहरींचा एक पट्टा मोकळा केला होता, कॉम्प्युटरसाठी का कशासाठी. तिथं परवाना लागणार नाही, सगळ्यांनी आपापसात वाटून घ्यायचं, एकमेकांना त्रास द्यायचा नाही.

"म्हणजे आता कोणीही बोला?" मी म्हटलं.

"तो पट्टा वेगळा, बाई. त्याचा आपल्याशी संबंध नाही." असं म्हणाले, आणि ती बातमी कात्रीनं कापून उशाखाली ठेवली.

शेवटच्या वर्षी छातीच्या दुखण्यानं घेरलं त्यांना. दवाखान्यात राहायला तयार नव्हते. पाच वाजता पेटी लावायला कोण तिथं? खाटेवर पडून ऐकायचे, बटण मी फिरवायची. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आठवडा. मी पेठच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. मला लिहायला जमतं तेवढं लिहिलं. काका फार आजारी आहेत. यायचं तर या. सहा वर्षांत मास्तरांची भेट नव्हती. येतील असं मला वाटत नव्हतं.

चिठ्ठी दिली त्याच संध्याकाळी पेटीत आवाज आला. आधी परवान्याचा नंबर सांगितला, नियमाप्रमाणे. जागा रिकामी आहे का, हे मात्र विचारलं नाही.

"काका, मी बोलतोय. चिठ्ठी आत्ता मिळाली. आज गाडी नाय आता. ऐकताय का?"

त्यांचे डोळे उघडले. मी म्हटलं, "बोला."

त्यांनी मान हलवली. "परवाना संपलाय माझा. मला बोलता येत नाही."

"काका, ऐकताय का?"

"चुलीत घाला तो परवाना!" मी म्हटलं आणि माईक उचलला. बाजूचं बटण दाबतात हे अकरा वर्षं पाहिलेलं होतं. दाबलं आणि बोलले, "मास्तर, मी मावशी. ऐकतायत ते. बोलवत नाही त्यांना, पण ऐकतायत. सगळं ऐकतायत." आणि गप्प बसले. उत्तर येईना. मला वाटलं, मास्तरांनी सुई फिरवली. विनापरवान्याशी बोलायचं नाही, शिकवलेलंच तसं.

यांचा हात माझ्या मनगटावर आला.

"बोट काढा, बाई," ते म्हणाले. "तुम्ही दाबून धरलंय तोवर त्याचं ऐकू येणार नाही."

मी बोट काढलं.

"...पहिलीत बसवली, काका," मास्तर सांगत होते. कधीपासून बोलत होते कोण जाणे. "आईसारखी हाय तोंडावर. माझ्या शेजारीच बसलीय आत्ता. ही बॅटरी ट्रॅक्टरची आणली शेजाऱ्याकडून. मावशी, सकाळच्या गाडीनं येतो. त्यांना सांगा."

"ऐकलं," हे म्हणाले. माईक माझ्या हातात होता, त्यामुळं ते मास्तरांना पोचलं नाही. मी बटण दाबून पोचवलं.

सकाळी साडेनऊला जिन्यावर चपला वाजल्या. खोलीचं दार उघडंच होतं. मास्तर दारात थांबले नाहीत. काही विचारलं नाही. सरळ आत आले आणि खाटेवर, त्यांच्या पायांशी बसले.